पांढरी हगवण : एका रोगाचे नाव आणि त्याच्या कारणाचा शोध

कुक्कुटपालनावरील मराठी पुस्तिकांत नवजात पिलांच्या रोगांची यादी बहुधा 'पांढरी हगवण' ह्या नावाने सुरू होते. हे नाव मराठीत स्वतंत्रपणे जन्मलेले नाही. अमेरिकेतील कोंबडीपालकांच्या बोलण्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जो 'व्हाइट डायरिया' हा शब्दप्रयोग रूढ होता, त्याचे हे सरळ भाषांतर होय. जनावरांच्या रोगांना लक्षणावरून नाव देण्याची रीत मराठीला परकी नाही. 'लाळ्या-खुरकुत' हे नाव उच्चारताच तोंडातून गळणारी लाळ आणि चिघळलेले खूर डोळ्यांपुढे उभे राहतात. कोंबड्यांच्या राणीखेत रोगास आपल्याकडे 'मानमोडी' म्हणतात. हाच शब्द १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीसाठीही लोकांनी वापरला होता. दोहोंत मान टाकणे एवढेच समान होते. लक्षणनाम ओळखीस सोयीचे असते. परंतु भिन्न कारणांनी होणारे रोग एकाच लक्षणाने प्रकट होतात तेव्हा ते कारणाच्या शोधास अडसर ठरते. पांढऱ्या हगवणीच्या बाबतीत नेमके हेच घडले. पिलांना मारणारा जंतू १८९९-१९०० च्या सुमारास सापडला होता. आणि तरीही पिले का मरतात ह्या प्रश्नाचे पुरे उत्तर हाती यावयास आणखी दहा-बारा वर्षे जावी लागली. हा विलंब कशामुळे झाला ह्याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

प्रथम त्या काळची परिस्थिती ध्यानी घेतली पाहिजे. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवावी आणि एकवीस दिवसांनी जी पिले निघतील ती तिच्याच पंखांखाली वाढू द्यावी, ही जगभरची जुनी रीत. तीत काही पिले मरत. त्याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. घार, मांजर, पाऊस आणि दैव ह्यांत तो वाटला जाई. उबवणी यंत्राने ही स्थिती पालटली. कॅलिफोर्नियातील पेटालूमा येथे लायमन बाइस ह्याने १८७९ साली तापमानाचे नियंत्रण राखणारे यंत्र सिद्ध केले, आणि पुढे ते गाव अंड्यांच्या व्यापाराचे मोठे केंद्र बनले. १८९२ साली न्यू जर्सी राज्यातील स्टॉकटनच्या जोसेफ विल्सन ह्याने एक दिवसाची पिले पेटीत भरून रेल्वेने शिकागोला रवाना केली. पिले विकत घेऊन वाढविणे हा एक वेगळा धंदा झाला तो ह्यानंतर. १९१८ साली अमेरिकेच्या टपालखात्याने एक दिवसाच्या पिलांची पार्सले स्वीकारावयास आरंभ केला, आणि त्याच वर्षी ओहायोतील सॅम्युएल स्मिथ ह्याला पंख्याने हवा खेळवणाऱ्या मोठ्या उबवणी यंत्राचे पेटंट मिळाले. आता हजारो अंडी एकाच कोठडीत, एकाच हवेत उबू लागली.

दाणापाण्यावाचून पिलू हा प्रवास कसे सहन करी, हे येथेच सांगितले पाहिजे. कारण पुढील सर्व कथेची गुरुकिल्ली त्यात आहे. अंड्यातून बाहेर पडण्याच्या थोडे आधी पिलू उरलेल्या बलकाची पिशवी आपल्या पोटात ओढून घेते. जन्मानंतरचे दोन-तीन दिवस ते ह्या शिदोरीवर काढू शकते. निसर्गात ह्याचा उपयोग असा की, पहिले पिलू आणि शेवटचे पिलू ह्यांच्या जन्मात अंतर पडले तरी कोंबडीला घरटे सोडून उठावे लागत नाही. व्यापाऱ्यांनी ह्या शिदोरीचा उपयोग टपालासाठी केला.

मरतुक मात्र आता लपून राहीना. शंभर पिलांची किंमत मोजलेल्या शेतकऱ्याला आठवड्याअखेर तीस किंवा चाळीसच हाती लागली, तर तो दैवाला बोल लावून स्वस्थ बसणे शक्य नव्हते. पिले विकणारा म्हणे की, पिलांना गारठा लागला, ती वेळेआधी किंवा चुकीचा दाणा खाऊन मेली, उबघर ओलसर होते. विकत घेणारा म्हणे की, पिलेच मुळात कमजोर होती. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असू शके. गारठ्याने पिले मरतात. फाजील उष्णतेनेही मरतात. बुरशी लागलेल्या गवताच्या अंथरुणातून अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीज श्वासावाटे जाऊन फुप्फुसांत गाठी होतात आणि पिले धापा टाकीत मरतात. ह्या सर्व प्रकारांत पिलू मलूल होते, डोळे मिटते, पंख सोडते, उबेजवळ घोळका करून बारीक आवाजात चिवचिवते. आणि पुष्कळदा त्याच्या गुदद्वाराशी खडूसारखी पांढरी विष्ठा चिकटून सुकलेली असते.

ह्या पांढरेपणाचा खुलासा साधा आहे. पक्ष्यांचे मूत्र वेगळे बाहेर पडत नाही. मूत्रपिंडांतून येणारे युरेट हे पांढरे द्रव्य विष्ठेतच मिसळते. पिलू खात नसले की, विष्ठेतील अन्नाचा अंश घटतो आणि पांढरा भाग तेवढा डोळ्यांत भरतो. म्हणजे 'पांढरी हगवण' ह्या नावातील विशेषण आतड्याविषयी फारसे काही सांगत नाही. पिलू आजारी आहे आणि त्याचे खाणे सुटले आहे, एवढेच ते सांगते. ह्या नावाला रोग समजून कारण शोधावयास निघालेल्या प्रत्येकाला काही ना काही कारण सापडणार, हे उघड होते. आणि तसे ते सापडलेही.

येल विद्यापीठातील जंतुशास्त्रज्ञ लिओ रेटगर ह्यांनी पिलांच्या मृत्यूचा अभ्यास हाती घेतला तो एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. मेलेल्या पिलांच्या अवयवांतून त्यांना एकाच प्रकारचा दंडाकृती, अचल जंतू पुन्हा पुन्हा मिळाला. तो संवर्धनात वाढवून निरोगी पिलांस दिला असता तीही मरत. १९०० साली 'न्यूयॉर्क मेडिकल जर्नल' ह्या नियतकालिकात त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या लेखात रोगाचा उल्लेख पांढरी हगवण असा नसून पिलांमधील 'सेप्टिसीमिया', म्हणजे रक्तात जंतू पसरून होणारा विकार, असा आहे. ही निवड अर्थपूर्ण होती. रेटगर ह्यांनी रोगाचे स्थान आतड्यातून काढून रक्तात नेले. परंतु शेतकऱ्यांच्या तोंडचे नाव आणि शास्त्रज्ञाचे नाव ह्यांची गाठ पडली नाही, आणि ज्यांची पिले मरत होती त्यांना आपल्या रोगाविषयी कोणी काही लिहिले आहे ह्याचा पत्ता लागण्याचे कारण नव्हते. १९०८ साली हार्वी ह्यांच्यासह लिहिलेल्या दुसऱ्या लेखात रेटगर ह्यांनी दोन्ही नावे 'किंवा' ह्या शब्दाने जोडून शीर्षकातच घातली. ह्या एका उभयान्वयी अव्ययाला आठ वर्षे लागली असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच वर्षी, १९०८ मध्ये, अमेरिकी सरकारच्या पशुउद्योग खात्यातील जॉर्ज बायरन मोर्स ह्यांनी पांढऱ्या हगवणीवर एक परिपत्रक काढले आणि तिचे कारण कॉक्सिडिया नावाचा आदिजीव असल्याचे प्रतिपादन केले. आज हे मत चूक ठरले असले तरी ते निराधार नव्हते. पिलांच्या आतड्यातील कॉक्सिडियाचे वर्णन फ्रान्समध्ये राय्ये व ल्यूसे ह्यांनी १८९१ सालीच केले होते, आणि ह्या परोपजीवीमुळे पिले मोठ्या संख्येने मरतात हे सत्य आहे. मेलेल्या पिलाच्या आतड्यात सूक्ष्मदर्शकाखाली कॉक्सिडिया दिसले, तर पाहणाऱ्याने त्यांना दोषी का धरू नये? शिवाय सरकारी खात्याचे परिपत्रक शेतकऱ्यांच्या हाती पोहोचत असे. वैद्यकीय नियतकालिकातील लेख पोहोचत नसे.

वादाचा निर्णय ज्या पुराव्याने होऊ शकतो तो पुरावा कालगणनेचा आहे. कॉक्सिडियाचे बीज विष्ठेतून बाहेर पडल्यावर ओलाव्यात व उबेत राहून परिपक्व व्हावे लागते. त्यास एक-दोन दिवस लागतात. ते पिलाच्या पोटात गेल्यावर आतड्याच्या पेशींत त्याच्या पिढ्या वाढतात, आणि रोगाचे भयंकर स्वरूप, म्हणजे रक्ती हगवण, साधारण पाचव्या दिवसानंतर दिसते. मग जे पिलू जन्मानंतर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मेले त्याच्या मृत्यूचा आरोप कॉक्सिडियावर ठेवता येत नाही. ज्याला घरात शिरण्यास सवडच मिळाली नाही तो चोर कसा ठरावा? कॉक्सिडियाच्या निरनिराळ्या जातींचा आणि त्यांच्या जीवनक्रमांचा उलगडा टायझर ह्यांनी १९२९ साली पद्धतशीर केला. त्यामुळे १९०८ साली हा युक्तिवाद इतका नेमका मांडता येण्याजोगा नव्हता. मोर्स ह्यांच्याविषयी निवाडा करताना ही गोष्ट विसरणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढे रोगाचे नाव एक होते. म्हणून कारणही एकच असावे असे त्यांनी गृहीत धरले. रेटगर ह्यांच्या पक्षातील काहींनीही नेमके हेच गृहीत धरले होते.

ह्या टप्प्यावर कनेक्टिकट राज्यातील स्टॉर्स येथील कृषी प्रयोगकेंद्र चित्रात येते. अमेरिकेतील अशी केंद्रे १८८७ च्या ज्या कायद्याने देशभर पसरली त्यास 'हॅच कायदा' म्हणतात. अंडी उबविण्यासाठी इंग्रजीत हाच शब्द असला तरी ह्या नावाचा उगम मिसूरीचे लोकप्रतिनिधी विल्यम हॅच ह्यांच्या आडनावात आहे. स्टॉर्स येथील कुक्कुटतज्ज्ञ स्टोनबर्न आणि येलचे रेटगर ह्यांनी एकत्र काम करून १९०९ साली केंद्राची साठावी पत्रिका प्रसिद्ध केली. तीत रोगाचे नाव 'बॅसिलरी व्हाइट डायरिया' असे आहे. जुने लोकप्रिय नाव ठेवून त्याला 'जंतुजन्य' हे विशेषण जोडण्यात मोठे शहाणपण होते. पांढऱ्या हगवणी अनेक असतील, त्यांपैकी ही एक, असा अर्थ त्या एका विशेषणाने साधला. कॉक्सिडियाला त्याची जागा राहिली आणि बुरशीला तिची. ह्याच सुमारास जंतूला 'बॅक्टेरियम पुलोरम' हे नाव मिळाले. 'पुलोरम' हे लॅटिन 'पुलुस' म्हणजे पिलू ह्या शब्दाचे षष्ठीचे अनेकवचन; अर्थ 'पिलांचा'. आपल्या 'पिल्लू' शब्दाशी त्याचे ध्वनिसाम्य पाहून कोणास नाते जोडण्याचा मोह होईल, तर तो आवरावा. 'पिल्लू' चा संबंध तमिळ 'पिळ्ळै' सारख्या द्राविडी शब्दांशी लावला जातो.

नावात जंतू 'पिलांचा' ठरला खरा. पण त्याच पत्रिकेतील मुख्य निष्कर्ष असा होता की, हा जंतू पिलांचा नाहीच, तो कोंबडीचा आहे. ह्या निष्कर्षाकडे नेणारी वाट मेलेल्या पिलाच्या पोटातील बलकातून जाते. निरोगी पिलात ही पिशवी काही दिवसांत आटून जाते. ह्या रोगाने मेलेल्या पिलात ती पुष्कळदा तशीच भरलेली, कधी दह्यासारखी घट्ट झालेली आढळते, आणि तिच्यात जंतू मुबलक असतात. मग जंतू त्या पिशवीत शिरला कोठून? बाहेरून तोंडावाटे शिरला असे म्हणावे, तर ज्या पिलाने अजून दाण्याला चोच लावली नाही त्याच्यातही तो असतो. बलक तर पिलाच्या जन्मापूर्वीचा, किंबहुना अंड्याच्या कवचापूर्वीचा. तो कोंबडीच्या अंडाशयात तयार होतो. म्हणून अंडाशय तपासले पाहिजे. ज्या कळपांच्या अंड्यांतून निघालेली पिले मरत त्या कळपांतील कोंबड्या मारून तपासल्या गेल्या, तेव्हा काहींच्या अंडाशयात पिवळ्याधमक, गोल बलकांऐवजी विटलेले, वाकडेतिकडे, देठाला लोंबणारे बलक आढळले. आणि त्यांतून तोच जंतू वाढला. अशा कोंबड्यांच्या ताज्या अंड्यांच्या बलकातही तो मिळाला.

ह्या कोंबड्या आजारी नव्हत्या. त्यांचा तुरा लाल होता, त्या दाणे टिपीत होत्या, अंडी घालीत होत्या. त्याच एकेकाळी ह्या रोगातून वाचलेली पिले होत्या. रोगाचे चक्र येथे पुरे झाले: जंतुयुक्त अंडे, त्यातून निघालेले पिलू, ते जगलेच तर त्याची कोंबडी, आणि पुन्हा जंतुयुक्त अंडे. पिलाच्या मृत्यूचे कारण पिलांमध्ये शोधणाऱ्याला हे चक्र कधीच दिसले नसते, कारण मेलेली पिले ही त्या चक्राबाहेर पडलेली पिले होती. रोग पुढे नेणारी ती जगलेली.

शतकभरानंतरच्या संशोधनाने ह्या चित्रातील एक मोठी पोकळी भरून काढली आहे. वाचलेल्या पिलात हा जंतू इतके महिने कोठे दडून राहतो? इंग्लंडमध्ये विग्ली, बॅरो व त्यांचे सहकारी ह्यांनी २००१ साली दाखवून दिले की, तो प्लीहेतील मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींत राहतो; म्हणजे जंतूंना गिळण्यासाठी असलेल्या पेशीच त्याचे घर बनतात. कोंबडी वयात येऊन अंड्यावर येते त्या सुमारास तिची प्रतिकारशक्ती काही काळ मंदावते, जंतूंची संख्या वाढते आणि ते अंडाशय व अंडनलिका गाठतात. अंडे घालण्याचा आरंभ आणि जंतूचे प्रस्थान ही एकाच वेळी घडतात.

एवढे कळूनही शेतकऱ्याच्या पदरात काही पडले नव्हते. कळपातील कोणती कोंबडी जंतुवाहक आहे हे तिला मारल्यावाचून कसे ओळखावे? अंडी तपासण्याचा मार्ग होता. पण वाहक कोंबडीचे प्रत्येक अंडे दूषित नसते. चार चांगली अंडी तपासून तिला निर्दोष ठरवावे आणि पाचव्याने घात करावा, असा प्रकार. उत्तर आले ते विषमज्वराच्या वैद्यकातून. रोग्याच्या रक्तजलात त्या रोगाचे जंतू कालवले असता त्यांच्या गुठळ्या होऊन ते खाली बसतात, ही प्रतिक्रिया ग्रूबर व डरहॅम ह्यांनी वर्णिली होती, आणि विदाल ह्यांनी १८९६ साली विषमज्वराच्या निदानासाठी ती उपयोगात आणली. पुलोरम जंतू हा विषमज्वराच्या जंतूचा जवळचा आप्त. न्यूयॉर्क राज्याच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील एफ. एस. जोन्स ह्यांनी १९१३ साली हीच कसोटी कोंबड्यांना लावून पाहिली. पंखाच्या शिरेतून थोडे रक्त काढावे, रक्तजल वेगळे करावे, परीक्षानळीत जंतूंच्या निवळीशी मिसळून उबेत ठेवावे. गुठळ्या दिसल्या तर कोंबडी वाहक. १९१४ साली रेटगर, कर्कपॅट्रिक आणि जोन्स ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या स्टॉर्सच्या पत्रिकेच्या शीर्षकातच दूषित पैदास-कळप काढून टाकून रोगाचे निर्मूलन हा विषय आला. औषध, धुरी, दाणा ह्यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नाही.

रेटगर ह्यांनी औषधाचा विचार केलाच नव्हता असे नव्हे. पिलांना आंबट दूध पाजल्याने मरतुक कमी होते असे त्यांच्या स्टॉर्समधील प्रयोगांत आढळले होते, आणि पिलांना हा संसर्ग जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच सहज होतो हेही दिसून आले होते; तेवढे दिवस सांभाळले तर पुष्कळ साधते. पुढे ते अ‍ॅसिडोफिलस दुधाच्या अभ्यासासाठी अधिक प्रसिद्ध झाले. परंतु वाचवलेले प्रत्येक पिलू पुढची वाहक कोंबडी होऊ शकते, हा पेच आंबट दुधाने सुटण्यासारखा नव्हता. १९४० नंतर सल्फा औषधे आणि नायट्रोफ्युरान आली तेव्हाही तोच पेच कायम राहिला: औषधाने पिले जगत आणि जंतूही काहींत जगत असे.

दरम्यान मोठ्या उबवणी यंत्रांनी रोगाला दुसरा मार्ग मोकळा केला होता. जंतुयुक्त अंड्यातून निघालेले पिलू वाळते तेव्हा त्याच्या अंगावरील लव धूळ होऊन उडते. पंख्याच्या वाऱ्याने ती सबंध कोठडीत फिरते आणि शेजारच्या निरोगी पिलांच्या श्वासात जाते. कॅन्ससमध्ये हिन्शॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२६ साली यंत्रातील ह्या प्रसाराचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि उबवणीच्या काळात फॉर्माल्डिहाइडची धुरी देण्याची पद्धत त्यानंतर रूढ झाली. मृत्यूच्या वेळापत्रकात दिसणारे दोन टप्पे ह्यामुळे उलगडले. अंड्यातूनच जंतू घेऊन आलेली पिले कवचात किंवा जन्मानंतर लगेच मरत. यंत्रात अथवा पेटीत लागण झालेली पाच-दहा दिवसांनी आजारी पडत, आणि मरतुकीचा कळस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येई. विकणारा आणि घेणारा ह्यांच्यातील जुन्या भांडणाचे मूळ येथे होते. दुसऱ्या आठवड्यात मेलेले पिलू पाहून विकणारा म्हणे की, माझ्याकडून तर ते धडधाकट निघाले होते. आणि त्याचे डोळे त्याला खरेच तसे सांगत होते. एका गावच्या दोन कोंबड्यांचा दोष आता यंत्रातून आणि टपालातून शेकडो मैलांवरील खुराड्यांत पोहोचत होता.

१९२९ मध्ये रोगाचे नाव पुन्हा बदलले. 'बॅसिलरी व्हाइट डायरिया' मागे पडून 'पुलोरम रोग' हे नाव मान्य झाले. कारण एव्हाना हे स्पष्ट झाले होते की, ह्या जंतूने मरणाऱ्या पुष्कळ पिलांना हगवण होतच नाही, आणि वाढलेल्या कोंबड्यांत तर ती क्वचितच दिसते. लक्षण जाऊन कारण नावात आले. मराठीत मात्र 'पांढरी हगवण' टिकून राहिली, व तिच्या शेजारी कंसात 'पुलोरम' लिहिण्याचा प्रघात पडला. त्यात वावगे काही नाही. पण पिलाची विष्ठा पांढरी दिसताच पुलोरमचे निदान करणाऱ्याची ते दिशाभूल करू शकते.

१९३१ साली अमेरिकी पशुउद्योग खात्यातील शॅफर, मॅकडॉनल्ड, हॉल आणि बन्या ह्यांनी क्रिस्टल व्हायोलेट ह्या जांभळ्या रंगाने रंगविलेला प्रतिजन तयार केला. कोंबडीच्या ताज्या रक्ताचा थेंब काचेवर प्रतिजनाच्या थेंबात मिसळला की, एक-दोन मिनिटांत जांभळ्या गुठळ्या साध्या डोळ्यांना दिसतात. प्रयोगशाळा खुराड्याच्या दारात आली. १९३५ साली अमेरिकेत राष्ट्रीय कुक्कुटसुधार योजना सुरू झाली. ती ऐच्छिक होती, आणि तिचे बळ शिक्षेत नसून शब्दांत होते असे म्हणता येईल. कळपांना 'पुलोरम-टेस्टेड', 'पुलोरम-पास्ड', 'पुलोरम-क्लीन' अशा चढत्या पायऱ्या दिल्या जात, आणि उबवण केंद्राचा मालक आपल्या जाहिरातीत त्या छापी. ग्राहकाला आता पिलू पाहून नव्हे, तर त्याच्या आईचे प्रमाणपत्र पाहून सौदा करावयाचा होता. काही तपासण्यांत वाहक कोंबड्या निसटत, म्हणून कळप निर्दोष ठरेपर्यंत पुन्हा पुन्हा तपासावा लागे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिकेतील व्यापारी कळपांतून हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. भारतात तो गेलेला नाही. १८८९ साली पुण्यात स्थापन झालेल्या आणि पुढे मुक्तेश्वर व इज्जतनगर येथे गेलेल्या पशुवैद्यक संशोधनसंस्थेने तयार केलेला रंगीत प्रतिजन येथील पैदास-कळपांच्या तपासणीत उपयोगी पडत आला आहे.

ह्या निर्मूलनाचा एक परिणाम कोणाच्याच गणितात नव्हता. १९८० नंतर अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि युरोपात 'साल्मोनेला एंटेरिटिडिस' ह्या जंतूमुळे माणसांत अन्नविषबाधेच्या साथी वाढल्या. अंड्यांमुळे विषबाधा होते हे आधी माहीत होते. परंतु दोष तडकलेल्या आणि विष्ठेने माखलेल्या कवचांचा मानला जाई, आणि अमेरिकेत १९७० च्या कायद्याने त्यावर उपायही झाला होता. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका रोगप्रसारविषयक अभ्यासात मात्र ईशान्य अमेरिकेतील साथींचे धागे स्वच्छ, अभंग, वरच्या प्रतीच्या अंड्यांपर्यंत जाऊन पोहोचले. जंतू कवचावर नव्हता. तो निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या अंडाशयातून आत आला होता. बॉयमलर व सहकाऱ्यांनी २००० साली असा तर्क मांडला की, पुलोरम आणि त्याचा भाऊबंद गॅलिनारम हे कळपांत होते तोवर त्यांच्याविरुद्ध कोंबड्यांत निर्माण होणारी प्रतिकारशक्ती ह्या तिसऱ्यालाही थोपवून धरीत असावी, कारण तिघांच्या पृष्ठभागावरील मुख्य प्रतिजन एकच आहे. ते दोघे गेले आणि जागा रिकामी झाली. पुलोरम व गॅलिनारम बहुतांशी पक्ष्यांतच राहतात, म्हणून वाहक पक्षी वेचून काढले की, त्यांचा ठाव मोडतो. एंटेरिटिडिसचे तसे नाही. तो उंदरांतही राहतो, आणि कळप कितीही वेळा तपासून निर्दोष ठरविला तरी रात्री दाण्याच्या कोठीत येणारा उंदीर त्या तपासणीत सापडत नाही.